गाळा भाड्याचा, हत्यारे आपली, जोखीम कोणाची?

सदनिकेच्या गॅलरीत सुरू झालेले लाकूडकाम फार काळ गॅलरीत राहत नाही. रंध्याची आणि पटाश्यांची पेटी, मग हातातील ड्रिल, पाठोपाठ राउटर आणि एक दिवस टेबल सॉ, असा हा प्रवास असतो. करवतीचा आवाज आणि भुसा यांवरून सोसायटीत कुरबुरी सुरू होतात आणि दोघे-तिघे हौशी मित्र मिळून एखाद्या औद्योगिक वसाहतीत लहानसा गाळा भाड्याने घेतात. पुण्यात भोसरी, नऱ्हे, हडपसर. मुंबई परिसरात गोरेगाव, अंधेरी किंवा ठाण्याची वागळे इस्टेट. भाडे ठरते, अनामत रक्कम दिली जाते, हत्यारे हलवली जातात. विम्याचा विषय निघालाच तर तो बहुधा हत्यारांपुरता निघतो. प्रत्यक्षात अशा गाळ्यात हत्यारे हीच सर्वांत लहान रक्कम असते. गाळ्याची इमारत मालकाची, भिंतीपलीकडचा माल शेजाऱ्याचा आणि करवतीजवळ उभा असलेला हात एखाद्या पाहुण्याचा असतो. या तिघांपैकी कोणाचेही नुकसान झाले तर हत्यारांच्या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही.

घराच्या विम्याची हद्द

पहिला गैरसमज घराच्या विम्याविषयी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. इमारतीचा विमा उतरवल्यास त्या रकमेच्या २० टक्के, मात्र कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण घरातील सामान्य चीजवस्तूंना तीत आपोआप मिळते. त्यामुळे 'हत्यारे घरच्या विम्यात आलीच' असे अनेकांना वाटते. हे संरक्षण पॉलिसीत नोंदवलेल्या घरातील वस्तूंना असते. तीच पटाशी दहा किलोमीटरवरील गाळ्यात गेली की ती त्या संरक्षणाबाहेर जाते.

गाळ्यासाठी जवळची पॉलिसी म्हणजे त्याच दिवशी लागू झालेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, वीज कोसळणे, स्फोट, वादळ, पूर, भूकंप, दंगल यांपासून तीत संरक्षण मिळते. पुराचा उल्लेख वरवरचा नाही. स्वस्त गाळा बहुधा तळमजल्यावर असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचे पाणी वस्त्यांत शिरले. अशा वेळी जमिनीवर बसवलेली यंत्रे उचलून नेता येत नाहीत.

नावात 'उद्यम' असल्याने हौशी माणसाने ती घ्यावी का, हा प्रश्न मात्र खरा आहे. काही विकायचे नसेल, नोंदणी नसेल, तर प्रस्ताव अर्जातील 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचे? येथे अनेक जण 'साठवणूक' किंवा 'किरकोळ काम' असे लिहून मोकळे होतात आणि पुढच्या वादाची पायाभरणी करतात. आगीच्या विम्याचा हप्ता जागेच्या वापरावर ठरतो. लाकूडकाम आणि रंगकाम होणाऱ्या जागेची जोखीम कोरड्या गोदामाहून वेगळी असते. विमा हा परम सद्भावाचा करार आहे. महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा चुकीची सांगितली तर दावा फेटाळण्याचा आधार कंपनीला आयता मिळतो. त्यापेक्षा 'बिगरव्यावसायिक लाकूडकाम. विद्युत यंत्रे अमुक. पॉलिश व थिनरचा साठा अमुक लिटर' असे लेखी कळवावे आणि कंपनीची लेखी संमती घ्यावी. एखादी कंपनी नकार देईल. तो नकार आगीनंतर मिळण्यापेक्षा आधी मिळालेला बरा.

रक्कम किती लिहावी?

वापरलेल्या हत्यारांची किंमत माणूस मनात कमी धरतो. जुन्या बाजारातून घेतलेला लेथ, वडिलांकडून आलेले रंधे, मित्राने परदेशातून आणलेला राउटर यांची पावती नसते, म्हणून रक्कम अंदाजाने टाकली जाते. येथे 'सरासरीचा नियम' आड येतो. समजा गाळ्यातील सर्व यंत्रे व हत्यारे आज नव्याने घ्यायची तर ४ लाख रुपये लागतात आणि विमा २ लाखांचाच आहे. आगीत १ लाखाचे नुकसान झाले, तर 'विमा २ लाखांचा आहे, म्हणजे पूर्ण १ लाख मिळतील' हा हिशेब चुकतो. निम्म्या मूल्याचाच विमा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे ५० हजार रुपये होते. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'मध्ये १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. त्यामुळे ४ लाखांऐवजी साडेतीन लाखांचा विमा असेल तर कात्री लागत नाही. तूट त्यापलीकडे गेली की नियम लागू होतो.

पावती नसलेल्या वस्तूंसाठी सोपा उपाय म्हणजे यादी आणि छायाचित्रे. प्रत्येक यंत्रावरील क्रमांकाची पाटी स्पष्ट दिसेल असे छायाचित्र, त्याच प्रकारच्या नव्या यंत्राची किंमत दाखवणारे दुकानदाराचे दरपत्रक आणि वर्षातून एकदा केलेली उजळणी पुरेशी ठरते. ही यादी गाळ्यातच ठेवणारे लोकही आहेत. आगीत प्रथम तीच जळते.

मित्रांच्या हत्यारांचे काय? विमा ज्याच्या नावावर, त्याचा त्या वस्तूत आर्थिक हितसंबंध असावा लागतो. 'विश्वासाने ठेवलेल्या' परक्या वस्तू पॉलिसीत स्पष्ट लिहिल्याखेरीज धरल्या जात नाहीत. तिघांनी मिळून गाळा घेतला असेल तर तिघांचीही नावे विमाधारक म्हणून असावीत आणि कोणते यंत्र कोणाचे, याचा एक साधा कागद असावा. मैत्रीत हा कागद करणे अवघड वाटते, हे खरे.

कुलूप तुटले नाही तर?

आगीच्या पॉलिसीत चोरीचे संरक्षण नावापुरतेच असते. पूर, आग यांसारखी विमा असलेली घटना घडल्यानंतर ७ दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी तीत धरली जाते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडी विमा स्वतंत्र घ्यावा लागतो आणि या विम्यातील 'बळाने व हिंसक प्रवेश' ही अट अक्षरशः वाचली जाते. 'युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की, पॉलिसीत बळाच्या वापराची अट असेल तर बळाविना झालेली चोरी, फौजदारी कायद्याच्या व्याख्येत काहीही बसो, विम्यात बसत नाही. ओरिसाच्या औद्योगिक प्रोत्साहन व गुंतवणूक महामंडळाच्या ताब्यातील यंत्रसामग्री चोरीला गेल्याच्या प्रकरणातही न्यायालयाने २०१६ मध्ये हाच अर्थ कायम ठेवला.

हौशी गाळ्यात किल्ल्या चौघांकडे असतात, एक चहाच्या टपरीवर ठेवलेली असते, एक रखवालदाराकडे. कुणी किल्लीने कुलूप उघडून ड्रिल आणि ग्राइंडर नेले, तर कुलूप शाबूत, कोयंडा शाबूत आणि दावा अडचणीत. पॉलिसी घेतानाच साध्या चोरीचा समावेश जादा हप्ता भरून करता येईल का, हे विचारावे. घरफोडी झालीच तर तुटलेले कुलूप सुतारासमोर टाकून न देता पंचनामा होईपर्यंत जपून ठेवावे. तोच पुरावा असतो.

दुसरी अट त्याहून दुर्लक्षित आहे. वर्षानुवर्षे प्रचलित असलेल्या प्रमाणित आग विमा पॉलिसीत जागा सलग ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना राहिली आणि कंपनीची संमती घेतली नसेल तर संरक्षण संपते, अशी तरतूद आहे. घरफोडीच्या पॉलिसीत ही मुदत बरीच कमी असू शकते. रोज उघडणाऱ्या कारखान्याला त्याने फरक पडत नाही. मात्र शनिवार-रविवारीच उघडणारा, परीक्षांच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर बंद राहणारा हौशी गाळा नेमका या अटीत सापडतो. आपल्या पॉलिसीत किती दिवस लिहिले आहेत, हे पाहून दीर्घ सुट्टीपूर्वी कंपनीला ई-मेल करणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

बिघाड आणि चिंध्या

शॉर्टसर्किट हा शब्द आपल्याकडे प्रत्येक आगीनंतर ऐकू येतो. पॉलिसीत त्याचा अर्थ मर्यादित आहे. यंत्राची मोटर शॉर्टसर्किटने जळाली तर त्या मोटरचे नुकसान आगीच्या विम्यातून वगळलेले असते, ती आग पसरून इतर वस्तू जळाल्या तर त्यांचे नुकसान भरून मिळते. मोटरसाठी यंत्रबिघाडाचा विमा वेगळा. घरी-गाळ्यात ने-आण होणाऱ्या महागड्या हत्यारांसाठी 'ऑल रिस्क' प्रकारची पॉलिसी विचारता येते, कारण बाकीच्या पॉलिसी एका पत्त्याला बांधलेल्या असतात.

लाकूडकाम करणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक वगळणूक महत्त्वाची आहे: वस्तूने आपोआप पेट घेणे. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी, गाळा बंद झाल्यावर, ठिणगीविना पेट घेते. अशा पेटलेल्या वस्तूचे स्वतःचे नुकसान पॉलिसीत धरले जात नाही. चिंध्यांची किंमत शून्य, त्यामुळे ही वगळणूक निरुपद्रवी वाटते. पण आगीचे मूळ कोठे होते, याची चौकशी झाली की प्रश्न निष्काळजीपणाकडे वळतो आणि तेथून पुढे गाळ्याच्या मालकाचा व शेजाऱ्याचा दावा उभा राहतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवणे किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकणे, हा सुतारकामातील शिरस्ता त्यासाठीच आहे.

इमारत मालकाची, आग आपली

खरी मोठी रक्कम येथे आहे. मालकाने किंवा औद्योगिक वसाहतीच्या सहकारी संस्थेने इमारतीचा विमा उतरवला असेल, म्हणून भाडेकरू निर्धास्त असतो. मात्र मालकाला भरपाई दिल्यानंतर विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळे आग लागली त्याच्याकडून रक्कम वसूल करू शकते. विमा मालकाचा होता, भाडेकरूचा नव्हता. मालकाच्या पॉलिसीत भाडेकरूविरुद्ध वसुलीचा हक्क सोडून देण्याचे कलम घालता येते. त्यासाठी मालकाची विनंती आणि कंपनीची संमती लागते. करार करतानाच हा विषय काढला तर मालक सहसा ऐकून तरी घेतो. आगीनंतर कुणी ऐकत नाही.

महाराष्ट्रात असे गाळे बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिले जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. दाव्याच्या वेळी जागेवरचा ताबा सिद्ध करणारा हाच कागद असल्याने पॉलिसीवरील पत्ता आणि करारातील गाळा क्रमांक जुळणे आवश्यक आहे. जागा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावरील असेल तर पोटभाड्यासाठी महामंडळाची परवानगी लागते. ती मालकाने घेतली आहे का, हे आधी विचारावे.

या करारांच्या छापील मसुद्यात एक वाक्य हमखास असते: जागेचे कोणतेही नुकसान, कारण काहीही असो, वापरणारा भरून देईल. सही करताना ते कुणी वाचत नाही. कायद्याने निष्काळजीपणाबद्दल जेवढी जबाबदारी आली असती, त्याहून कितीतरी मोठी जबाबदारी या वाक्याने अंगावर येते. दायित्व विम्यात केवळ करारामुळे ओढवून घेतलेली जबाबदारी वगळलेली असते. म्हणजे हे वाक्य विमा कंपनीच्या नव्हे, सही करणाऱ्याच्या खिशाला लागते. त्या जागी 'वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान' एवढेच लिहून घेणे हा संपूर्ण व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

पब्लिक लायबिलिटी: नाव एक, गोष्टी दोन

दायित्व विमा मागायला गेले की कायद्याच्या नावामुळे गोंधळ होतो. भोपाळच्या १९८४ मधील वायुकांडानंतर १९९१ मध्ये 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स' कायदा झाला. तो धोकादायक रसायने ठराविक प्रमाणाबाहेर हाताळणाऱ्यांसाठी असून त्यांना तो विमा सक्तीचा आहे. पॉलिशचे चार डबे ठेवणाऱ्या गाळ्याला तो लागू होत नाही. हौशी माणसाला हवी असते ती ऐच्छिक सार्वजनिक दायित्व पॉलिसी. जागेवर आलेल्या त्रयस्थाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि त्याबद्दल विमाधारक कायद्याने जबाबदार ठरला, तर भरपाई व न्यायालयीन खर्च तीत मिळतो.

तिच्यात भरपाईच्या दोन मर्यादा लिहिलेल्या असतात, एक प्रत्येक अपघातासाठी आणि दुसरी वर्षभरासाठी. बहुतेक पॉलिसी 'दावा केव्हा आला' या तत्त्वावर चालतात. अपघात आज झाला आणि जखमी व्यक्तीची नोटीस दोन वर्षांनी आली, तर नोटीस आली त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. गाळा सोडला म्हणून पॉलिसीही सोडून दिली, तर जुना अपघात उघड्यावर पडतो. हप्ता ठरवताना उलाढाल विचारली जाते. हौशी माणसाकडे उलाढाल नसते, त्यामुळे ही पॉलिसी मिळवायला थोडा पाठपुरावा करावा लागतो.

यातही एक मोठी फट आहे. विमाधारकाच्या 'ताब्यातील' मालमत्तेचे नुकसान दायित्व पॉलिसीतून सामान्यतः वगळलेले असते. भाड्याचा गाळा भाडेकरूच्याच ताब्यात असतो. परिणामी शेजारच्या गाळ्यातील कापडाचे तागे जळाले तर पॉलिसी पैसे देईल. आपल्या डोक्यावरचे मालकाचे छप्पर जळाले तर देणार नाही. ही फट भरण्यासाठी 'टेनंट्स लीगल लायबिलिटी' हे जादा कलम स्वतंत्रपणे मागावे लागते. एजंट ते स्वतःहून क्वचितच सुचवतो. मालकाच्या कंपनीने वसुलीचा हक्क सोडलेला नसेल, तर हे कलम असलेली आणि नसलेली पॉलिसी यांत एका गाळ्याच्या किमतीचा फरक असतो.

आपल्याच बोटाला लागले तर दायित्व विमा उपयोगाचा नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा. एकत्र गाळा घेतलेल्या तिघांपैकी एकाला दुसऱ्याच्या चुकीने इजा झाली, तर तो त्रयस्थ की सहविमाधारक, हा वादाचा मुद्दा होतो. एकमेकांविरुद्धचे दावे ग्राह्य धरणारे कलम पॉलिसीत आहे का, ते पाहावे. आठवड्यातून दोनदा भुसा झाडायला पगारी मदतनीस ठेवला की चित्र आणखी बदलते. कामावरील इजेची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली येते. सार्वजनिक दायित्व पॉलिसीत कर्मचारी धरले जात नाहीत. रविवारी शुल्क घेऊन मुलांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली तर ते 'बिगरव्यावसायिक' राहत नाही. त्या रविवारच्या आधी कंपनीला कळवणे भाग आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे, जेथे तो लागू होतो तेथे अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादार अशी दोघांवर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये प्रमाणपत्र द्यावे लागते. वसाहतीचे हे काम कोण पाहतो आणि शेवटचे प्रमाणपत्र कधीचे आहे, हे संस्थेच्या कार्यालयात विचारता येते.

दावा नाकारला गेला तर

नुकसान झाल्यावर कंपनीला तत्काळ लेखी कळवावे, चोरी असल्यास पोलिसांत गुन्हा नोंदवावा, आग असल्यास अग्निशमन दलाचा अहवाल मागावा आणि सर्वेक्षक येईपर्यंत जळालेले भंगार हलवू नये. दायित्वाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट टाळावी. शेजाऱ्याला जागेवरच 'चूक माझी, भरून देतो' असे लिहून देऊ नये. कंपनीच्या संमतीविना दिलेली कबुली पॉलिसीच्या अटींचा भंग ठरते. जखमीला रुग्णालयात नेणे अर्थातच यात मोडत नाही.

दावा फेटाळला किंवा कमी केला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, एकल मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी लोकपाल ऐकतो. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची दखल घेतली जाते, शुल्क नसते आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. व्यवसायासाठी घेतलेल्या विम्यातही विमाधारक 'ग्राहक' ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात म्हटले आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.